चौतिसाव्या दिवसाची दाढी

दाढी ही माणसाची खासगी बाब आहे, असं मी या वर्षीच्या एप्रिलपर्यंत समजत होतो. शिवाजी पेठेत इतकी वर्षं काढूनही असं समजणारा माणूस भाबडाच म्हणायचा. इथं कुणी नवी चप्पल घेतली तरी संध्याकाळी कट्ट्यावर तिच्या टाचेची चर्चा होते. मग चेहऱ्यावर उगवलेली गोष्ट सुटणार कशी?

सुरुवात एका फोनवरून झाली. आमची मुलगी रिव्का ठाण्याला फिजिओथेरपिस्ट आहे. तिथं तिनं एतान रोहेकर नावाचा मुलगा पसंत केला. आम्ही झिराडकर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. आमचे लोक मुंबई-ठाण्याला बरेच आहेत, कोल्हापुरात मात्र शोधून आमचंच घर. तेव्हा मुलीनं आमच्यातलाच मुलगा शोधला याचा मला आणि माझ्या बायकोला, फ्लोराला, आनंदच झाला. अडचण एवढीच, की मुलाची आई सिप्पोराबाई धर्माच्या बाबतीत भलत्याच कडक आहेत, असं रिव्कानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्याशी फोनवर फार बोलू नका, असंही तिनं बजावलं होतं. पण वरपक्षाचा फोन आला की मुलीच्या बापाच्या अंगात उगाचच मोकळेपणा संचारतो.

ख्यालीखुशाली झाल्यावर बाईंनी सहज विचारलं, "ओमर पाळता ना तुम्ही?"

"म्हणजे काय? दर वर्षी," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी फ्लोराला विचारलं, ओमरमध्ये नक्की काय पाळतात? तिनं माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. तिच्या माहेरी पाळायचे. आमच्या घरी मात्र सणाला गोडधोड केलं की धर्म आटोपायचा. तर पेसाहच्या सणापासून पुढचे सात आठवडे आमच्यात ओमरचे दिवस मोजतात. फार जुन्या काळी याच दिवसांत एका थोर गुरूचे हजारो शिष्य साथीत दगावले, म्हणून त्यातले पहिले तेहतीस दिवस दुखवट्याचे. लग्नकार्य करायचं नाही, केस कापायचे नाहीत आणि दाढीही करायची नाही. चौतिसाव्या दिवशी सकाळी हे बंधन सुटतं. सिप्पोराबाईंनी नेमका तो चौतिसावा दिवसच धरला होता. बुधवार होता. दुपारी कोल्हापुरात येऊ, तुमच्याच घरी मलिदा करू आणि साखरपुडा उरकू, असं त्यांनी सांगितलं. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांचं ताट. आमच्यात शुभकार्याला तो लागतोच.

संध्याकाळी रिव्काचा फोन आला. तिला सगळं कळलं होतं.

"पप्पा, त्यांना सगळं चालतं, खोटं बोललेलं चालत नाही. आता दर वर्षी म्हणालात ना, मग या वर्षी तरी पाळा. मला हेच घर हवंय."

मुलगी असं बोलल्यावर बापाला दाढीच काय, डोक्यावर जटासुद्धा वाढवता येतात. मी सलूनची पायरी चढणं बंद केलं.

माझी दाढी सरळ स्वभावाची नाही. उजव्या गालावर ती दाट येते, डाव्या गालावर विचार करून येते आणि हनुवटीवर पांढरी येते. पहिल्या आठवड्यातच, मला कुणीतरी घराबाहेर काढल्यासारखा मी दिसायला लागलो. समोरच्या शालूबाईंनी ते पाहिलं आणि दुपारी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. शालूबाई म्हणजे पेठेतल्या जुन्या बाई. डोक्यावरचा पदर झोपेतसुद्धा ढळत नसावा असा आमचा अंदाज आहे. त्यांनी डोळे पुसत फ्लोराला विचारलं, "कुणाचं झालं वो?" फ्लोरानं सांगितलं की शिष्य गेले. किती, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली हजारो. शालूबाई मटकन खुर्चीत बसल्या. ही घटना फार जुनी आहे हे फ्लोरानं सांगेपर्यंत बातमी गल्लीत गेली होती आणि पुढचे दोन दिवस आमच्याकडे सहा घरांतून जेवण येत होतं. मी लाजेखातर नको म्हणत होतो आणि झुणका फार चांगला असल्यामुळे खातही होतो.

ऑफिसात वेगळंच. आमच्या विमा कार्यालयात नुकतंच चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र बसवलं आहे. दाढी जरा भरली आणि एके दिवशी यंत्रानं मला ओळखायला नकार दिला. मी हसून पाहिलं, गंभीर होऊन पाहिलं, डाव्या गालानं पाहिलं. ते पुन्हा पुन्हा 'अपरिचित व्यक्ती' असंच म्हणत राहिलं. ज्या कार्यालयात माझं आयुष्य गेलं, तिथं एका डबड्यानं मला अपरिचित म्हणावं याचं मला वाईट वाटलं. साहेब म्हणाले, चेहरा बदलायचा असेल तर पूर्वपरवानगी घ्यायला हवी होती. मग मुख्य कार्यालयाला अर्ज गेला. तिकडून विचारणा आली की बदल कायमस्वरूपी आहे की तात्पुरता. तात्पुरता असल्यास यंत्रात नोंद करता येत नाही आणि कायमस्वरूपी असल्यास वैद्यकीय दाखला लागतो. त्या दिवसापासून मी शिपायाच्या शेजारी बसून, पाहुण्यांच्या वहीत सही करून नोकरी करू लागलो.

आता भाऊसोंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथून वाढला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिंचबन तालीम मंडळ आहे. तालमीचा फुटबॉल संघ आहे आणि भाऊसो त्या संघाचे सेक्रेटरी. माणूस पन्नाशीचा, आवाज मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. ते कानात बोलले तरी शेजारचे वळून बघतात. आमच्या तालमीत एक रीत आहे. चषकाच्या वेळी एखादा समर्थक पण करतो, की अंतिम सामना होईपर्यंत गालाला वस्तरा लावणार नाही. यंदा असा पण कुणी केला नव्हता, कारण सलग बरीच वर्षं हरल्यामुळे पण करणारे दमले होते.

मी भाजी घेऊन येत होतो. कट्ट्यावरून भाऊसोंनी हाक मारली. त्यांनी दाढीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सर, कवापर्यंत ठेवणार हाईसा?"

शिष्यांची हकिगत मी तोवर इतक्यांदा सांगितली होती, की मला तिचा कंटाळा आला होता. मी नुसतं म्हणालो, "मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत."

अंतिम सामनाही मेच्या पहिल्या आठवड्यातच होता. भाऊसो कट्ट्यावरून उतरले, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीच बोलले नाहीत. भाऊसो काही बोलले नाहीत हीच गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. दुसऱ्या दिवशी संघ जिंकला. मग उपांत्यपूर्व जिंकला. मग गल्लीच्या तोंडाशी माझा आठ फुटी फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'शब्दाला जागणारा माणूस, झिराडकर सर'. शेजारी फुटबॉल आणि त्यातून निघणाऱ्या ज्वाळा.

मी लगेच जाऊन गैरसमज दूर करायला हवा होता, हे मला मान्य आहे. मी निघालोही होतो. पण कट्ट्यावर पोचलो तेव्हा सगळे सरकून बसले आणि मला मधे जागा झाली. इतकी वर्षं मी त्या कट्ट्यावरून नमस्कार करत जात होतो आणि मला कुणी बस म्हटलं नव्हतं. माणसं वाईट नव्हती, फक्त मला कुठं बसवावं ते त्यांना कळत नव्हतं. त्या दिवशी मला चहा मिळाला, बचावफळीबद्दल माझं मत विचारलं गेलं, आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी बचावफळीबद्दल मत दिलं आणि घरी आलो.

हिशेब साधा होता. उपांत्य सामनाही आम्ही जिंकलो होतो. अंतिम सामना रविवारी, दाढी बुधवारी. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. पण शनिवारी बातमी आली की शहरात कुणी बडा पाहुणा येणार आहे, सगळा बंदोबस्त तिकडे, म्हणून सामन्याला परवानगी नाही. सामना बुधवारी दुपारी चारला ठेवला. पाहुण्याचा दौरा पुढं रद्द झाला, सामना मात्र बुधवारीच राहिला.

बुधवारी सकाळी मी विजयसिंहांच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसलो. विजयसिंह माझी दाढी करायला लागले तेव्हा ती काळी होती, एवढा आमचा संबंध. ते म्हणाले, सामना झाल्यावर या. मी म्हणालो, घरी मुलीचा साखरपुडा आहे. त्यांनी मला आरशात पाहिलं. "सर, मी तुमच्या गालाला हात लावला तर मला या पेठंत ऱ्हाऊ देतील व्हय? संध्याकाळी या, दुकान तुमचंच हाय." पुढच्या दुकानातही तेच. त्याच्या पुढच्या दुकानात तर भिंतीवरच मी होतो, ज्वाळांसकट.

शेवटी मी रुमाल तोंडाला बांधून पलीकडच्या पेठेत गेलो. अंतिम सामन्यात आमच्यापुढं त्यांचाच संघ होता. तिथल्या सलूनवाल्यानं रुमाल सोडल्यावर मला ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला. इतक्या प्रेमानं माझं स्वागत कोल्हापुरात कधी झालं नव्हतं. त्यानं मला मऊ खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि गळ्याभोवती चादर बांधली. मग त्यानं मित्रांना बोलावलं, एकाच्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाला, "हां सर, जरा हिकडं बगा. समद्या कोल्हापूरला दिसाय पायजे." मला घरचं घड्याळ दिसत होतं, रिव्काचा चेहरा दिसत होता. तरीही कट्ट्यावरची ती जागा डोळ्यांपुढून जाईना. मी चादरीसकट उठलो आणि चादरीसकटच पेठेत परत आलो. ती चादर अजून आमच्याकडे आहे, परत द्यायला कुणी तयार नाही.

रिव्का आदल्या दिवशीच ठाण्याहून आली होती. घरी फ्लोराची वेगळीच धांदल चालली होती. सिप्पोराबाई स्वतःचा एक केस दिसू देत नाहीत, डोकं कायम रुमालात बांधलेलं. लग्न झालेल्या बाईनं केस झाकावेत असा आमच्यात नियम आहे. फ्लोरा तो आमच्या प्रार्थनामंदिरात गेली की पाळते, घरी तिला उकडतं. म्हणून शालूबाई सकाळपासून तिला डोक्यावर पदर टिकवण्याचं शिक्षण देत होत्या. चार पिना लावूनही फ्लोराचा पदर दर दोन वाक्यांनी खांद्यावर यायचा. मी कात्री शोधायला आत गेलो, माझी मीच दाढी कापून टाकू म्हणून, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. पाहुणे तासभर आधी आले होते.

एतानच्या पुढं सिप्पोराबाई आत आल्या. ठेंगण्या, ताठ, निळा रुमाल कपाळापर्यंत. दारात शालूबाई होत्या, डोक्यावर पदर, नजर खाली. बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि समाधानानं म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्याबद्दल ऐकलं होतं, पण इतकी मर्यादा हल्ली बघायला मिळत नाही." खरी विहीण त्या वेळी एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात पोह्यांचं ताट धरून मागं उभी होती. ओळखी नीट होईपर्यंत मी दाराआड होतो. मग एतानला मीच दिसलो आणि मला बाहेर यावं लागलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आज चौतिसावा ना? अजून दाढी केली नाहीत?"

मी काही बोलणार, तेवढ्यात मला मैदानावर न्यायला भाऊसो आले. पाहुण्यांना पाहून त्यांना माझा अभिमान दाटून आला. त्यांनी मनापासून मला मदत केली. "बाई, अशी दाढी करतील व्हय सर? आमच्या टीमसाठी ठेवलीया त्यांनी. सामना होईपर्यंत वस्तरा न्हाय. लई मोठं काळीज हाय मानसाचं."

रिव्का माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदा मी एक धर्माज्ञा अक्षरशः पाळली होती आणि ती पाळली असं म्हणायला माझ्याकडे एकही साक्षीदार नव्हता. शिष्यांना केव्हाच विसरलेली सगळी पेठ शपथेवर सांगायला तयार होती की दाढी फुटबॉलची आहे.

मग मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. दर वर्षी पाळतो म्हणालो ते खोटं होतं. या वर्षी पाळलं ते खरं आहे. फुटबॉलचं मी कधी म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही, कारण माणसं मला बसायला जागा देत होती. आणि आता माझी दाढी करायला आमच्या पेठेत कुणी तयार नाही. शेवटचं वाक्य म्हणताना माझा आवाज चिरकला, याची मला अजून लाज वाटते.

सिप्पोराबाईंनी मला काही विचारलं नाही, भाऊसोंना विचारलं. "तुमची मुलं यांच्यावर विसंबून आहेत?"

"पोरं सकाळी यांच्या फोटूला हात लावून मैदानावर जात्यात, बाई," भाऊसो हळू म्हणाले. भाऊसो हळू बोलू शकतात हे मला तेव्हा कळलं.

"मग आज दाढी करायची परवानगी आहे, सक्ती नाही," बाई म्हणाल्या. "लोक विसंबले असतील तर सामना होईपर्यंत राहू दे. साखरपुड्याचं मग बघू."

'मग बघू' या दोन शब्दांचा अर्थ मुलीच्या बापाला सांगावा लागत नाही. रिव्का स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही.

सामन्याला सगळेच गेलो, रिव्का सोडून. मला मैदानाजवळ पहिल्या रांगेत बसवलं, वर बायकांच्या बाजूला शालूबाईंचा पदर आणि बाईंचा निळा रुमाल शेजारी शेजारी दिसत होते. खेळाचं वर्णन मी करत नाही. शेवटी बरोबरी झाली, पेनल्टी आल्या आणि आमच्या पोरानं शेवटचा चेंडू खांबावर मारला. आम्ही हरलो. सगळं मैदान माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं. मी उठून भाऊसोंची माफी मागायला गेलो. त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि मला म्हणाले, "तुमची दाढी बरुबर हुती सर. आमच्याच पोराचा पाय चुकला." मग कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळे मिळून, मिरवणुकीच्या हलगीशिवाय, मला विजयसिंहांच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानाच्या दारात सिप्पोराबाईंनी आम्हाला अडवलं. त्या म्हणाल्या की आपल्यात गालाला वस्तरा लावत नाहीत, ओमर असो की नसो, तोरा या आपल्या धर्मग्रंथात तसं सांगितलंय, फक्त कात्रीनं कापायची. परक्या पुरुषाची दाढी बघत उभं राहणं त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी एतानला लक्ष ठेवायला आत पाठवलं आणि त्या घरी गेल्या. एतान जेमतेम मिनिटभर आत थांबला. बाहेर पेनल्टीवर वाद पेटला होता, पोरांनी त्याला "पावणं, तुमीच सांगा" म्हणून ओढलं आणि तो गेला.

विजयसिंहांनी कात्रीनं काम संपवलं आणि मागं सरून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं. गाल कापणी झालेल्या उसाच्या शेतासारखे दिसत होते, जागोजाग बुडखे. "सर, मुलीचं कार्य हाय. असं जाणार? भायेर कुणाचं ध्यान न्हाय. वस्तऱ्याचा एक हात मारतो, गुळगुळीत हुईल. कुणाला कळतंय?" त्यांनी वस्तरा उघडलासुद्धा.

आरशात मी मला पाहिलं. खरोखर कुणालाच कळलं नसतं. पण कुणाला कळणार नाही म्हणूनच मी त्या दिवशी फोनवर 'दर वर्षी' म्हणालो होतो. मी विजयसिंहांना वस्तरा मिटायला सांगितलं आणि तसाच, बुडख्यांसकट, घरी गेलो. माझ्यामागं सगळी तालीम आली, कारण पोरं सकाळपासून उपाशी होती आणि मलिदा गोड असतो हे शालूबाईंनी त्यांना सांगितलं होतं.

घरात सिप्पोराबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ताट, ताटापलीकडे रिव्का खाली बघत उभी. बाईंनी एतानला विचारलं, कात्रीच लावली ना? एतान प्रामाणिक मुलगा आहे. तो लाल झाला आणि म्हणाला, "आई, मी बाहेर होतो. पाहिलं नाही."

रिव्कानं डोळे मिटले. बाई माझ्या गालांकडे बघत राहिल्या. परपुरुषाच्या गालाला हात लावणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. त्या एतानला म्हणाल्या, "यांच्या गालावर हात फिरव. उलटा फिरव."

एतान माझ्यासमोर आला. त्यानं माझ्या उजव्या गालावरून खालून वर हात फिरवला, मग डाव्या गालावरून. दारात अकरा खेळाडू, राखीव खेळाडू आणि भाऊसो श्वास रोखून उभे होते.

"टोचतंय, आई," तो म्हणाला. "चांगलंच टोचतंय."

सिप्पोराबाईंनी हात पुढं करून रिव्काला जवळ ओढलं आणि आपल्या शेजारी बसवलं. "तुझ्या पप्पांच्या तोंडावर माझा विश्वास नाही," त्या म्हणाल्या, "पण गालांवर आहे. आण ती अंगठी."